ज्येष्ठांचा गाववर्ग: जानेवारी ते मे 2025 च्या नोंदी

यवतमाळ जिल्ह्यातलं कोरडवाहू गाव, मतदार सतराशेच्या घरात. साठीच्या पुढच्या माणसांसाठी आठवड्यातून एकदा दीड तासाचा वर्ग. विषय गावातलेच: घरपट्टी, पाणी, पंचायतीचा पैसा, सातबारा, ग्रामसभा. शेजारच्या दोन गावांना हेच सुरू करायचं आहे, म्हणून कुठे अडलं आणि काय बदललं ते तारखेनिशी लिहून ठेवलं. हिशेब शेवटी आहे.

6 जानेवारी. जागा आणि वेळ

जागा तीन होत्या: मंदिराचा सभामंडप, समाजमंदिर, जिल्हा परिषद शाळेची रिकामी खोली. मंदिरात सावली चांगली आणि फरशी गार, पण गावातली काही घरं तिथे पायरी चढत नाहीत. समाजमंदिराचंही तसंच, फक्त घरं वेगळी. शाळेची खोली ठरली. मुख्याध्यापकांना साधा अर्ज दिला, शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांची सही घेतली आणि रविवारची किल्ली मिळवली. या कामात चार दिवस गेले.

वेळ सकाळी नऊची ठेवली, ती चुकली. म्हातारी माणसं रिकामी असतात, हा समज पहिल्याच आठवड्यात मोडला. तूर सोंगणीवर आलेली, कापसाची वेचणी चालू. साठ-पासष्टच्या बायाही किलोच्या भावाने वेचायला जातात. ज्या जात नाहीत त्यांच्याकडे नातवंडं, शेळ्या आणि घराची राखण. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना आणि मग जेवण. शेवटी दुपारी तीन ते साडेचार ठरलं. उन्हाळ्यात ही वेळ पुन्हा मोडणार, हे तेव्हाच वहीत लिहून ठेवलं.

12 जानेवारी. पहिला वर्ग, फसला

41 जण आले. दवंडी दिली होती आणि चहा आहे हे कळलं होतं. 73व्या घटनादुरुस्तीपासून सुरुवात केली: कायदा 1992 चा, अंमल 24 एप्रिल 1993 पासून, ग्रामसभेला घटनेत स्थान वगैरे. सगळं खरं आणि सगळं निरुपयोगी. चाळिसाव्या मिनिटाला 19 जण उरले. उठताना एक आजी म्हणाल्या, "हे आमच्या कोन्त्या कामाचं हाये बाप्पा?"

दुसरी चूक भोंग्याची. माइक आणि भोंगा 500 रुपये भाड्याने आणला. पत्र्याच्या खोलीत आवाज असा घुमला की कमी ऐकू येणाऱ्यांना तर काहीच कळेना. त्यांना मोठा आवाज नको असतो. बोलणाऱ्याचे ओठ दिसावे लागतात आणि एका वेळी एकानेच बोलावं लागतं. भोंगा पुन्हा आणला नाही.

तिसरी चूक सतरंज्यांची. खाली बसलेला माणूस उठताना दोघांचा आधार मागतो. त्याची लाज वाटते म्हणून तो पुढच्या वेळी येतच नाही.

19 जानेवारी. खुर्च्या, चष्मे, अक्षर

बिछायत केंद्रातून 25 खुर्च्या, सहा रुपयांप्रमाणे. गोल मांडल्या. बाया मागच्या भिंतीला जाऊन बसतात, म्हणून गोल केला. गोलात मागची भिंत नसते.

घरपट्टीच्या पावतीची झेरॉक्स सगळ्यांना वाचायला दिली. 26 पैकी सहा जणांना वाचता आली. यातले सगळे निरक्षर नव्हते. बऱ्याच जणांना दिसतच नव्हतं आणि वर्षानुवर्षं ते "मले वाचता येत नाही" असंच सांगत आले होते. तालुक्याहून जवळचं वाचायचे 15 चष्मे आणले, 110 रुपये नग. दीडचे चार, दोनचे पाच, अडीचचे चार, तीनचे दोन. कागद हातभर अंतरावर धरून एकेक लावून बघायचा. चार जणांना कुठल्याच चष्म्याने दिसेना. तो मोतीबिंदू. त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नेत्र तपासणीच्या दिवशी पाठवलं आणि वर्गात त्यांच्या शेजारी वाचणारा माणूस बसवला.

छपाई 22 पॉइंटची, ए-थ्री कागद, एकाच बाजूला. कागद टिकावेत म्हणून आधी दहा पानं लॅमिनेट केली होती, 400 रुपये. खिडकीचा उजेड त्यावर असा चमकतो की अक्षर दिसत नाही. ते पैसे वाया गेले.

26 जानेवारी. ग्रामसभा, नुसती पाहिली

वर्गातले 14 जण गेले. गणपूर्तीचा नियम असा: एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला जो आकडा कमी तो. आपल्याकडे 15 टक्के म्हणजे अडीचशेच्या वर, म्हणून 100 लागतात. तेवढे जमले नाहीत, सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे पहिल्या सभेला घरी बसणारा माणूस दुसऱ्या सभेत मूठभर लोकांनी घेतलेला ठराव पाहत बसतो. हे पुस्तकातून सांगून कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं, त्या दिवशी आपोआप शिरलं. पुढचे सगळे वर्ग 1 मेच्या सभेकडे तोंड करून आखले.

2 फेब्रुवारी. घरपट्टी

इथून वर्ग रुळावर आला. प्रत्येकाने स्वतःच्या घराची पावती आणायची, एवढंच सांगितलं होतं. ग्रामपंचायतीत नमुना 8 म्हणजे कर आकारणीची नोंदवही, नमुना 9 मागणीची, नमुना 10 म्हणजे हातात मिळणारी कराची पावती. तिन्हींतला संबंध फळ्यावर काढून दाखवला. 8 मध्ये जे लिहिलं त्यावरून 9 ची मागणी निघते, भरलं की 10 मिळते. पावती चुकीची वाटली तर पावतीशी भांडून उपयोग नाही, 8 ची नोंद बघावी लागते.

मग 30 मीटरचा फायबर टेप घेऊन तीन घरं मोजली. पहिल्याच घराने गोंधळ घातला. घर 20 बाय 30 फूट, म्हणजे 600 चौरस फूट. नोंदीत 55.74. मालक खूश, "कमीच लिहिलं हाये!" नोंद चौरस मीटरमध्ये होती. 600 ला 10.76 ने भागलं की 55.76 येतात, म्हणजे नोंद बरोबरच. हे आधी सांगायला हवं होतं, पाऊण तास वाचला असता. दुसऱ्या घराची मागची मातीची खोली पावसात पडून दोन वर्षं झाली होती, आकारणी अजून चालू. तिसऱ्या घराच्या नोंदीवर वारलेल्या वडिलांचं नाव. "कागदात माहा बाप अजून जिता हाये," असं मालक म्हणाले आणि सगळे हसले. पण वर्गातल्या 26 पावत्यांपैकी 11 पावत्या अशाच निघाल्या.

पडलेल्या खोलीचा अर्ज तिथेच लिहिला. दोन प्रती, मोजमाप, फोटो, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज, हे वाक्य पुढे दर वर्गात म्हणावं लागलं. आणखी एक गोष्ट ठासून सांगायची: नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. त्यावर नाव चढलं म्हणजे घर नावावर झालं, असं समजणारे निम्मे होते.

9 फेब्रुवारी. पंचायतीचा पैसा, तुरीच्या दाण्यांत

पंधराव्या वित्त आयोगाकडून, म्हणजे केंद्राकडून, पंचायतीला मिळणाऱ्या 2021 ते 2026 या काळातल्या निधीचे दोन भाग: 60 टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा, आणि 40 टक्के अबंधित. टक्के म्हटलं की चेहरे कोरे. तुरीचे शंभर दाणे मोजून घेतले, 60 मडक्यात आणि 40 सुपात टाकले. मग लोक कामं सुचवतील तसे दाणे उचलायचे. सभागृहाला रंग, सुपातून. नालीची दुरुस्ती, मडक्यातून. मंदिराकडचा रस्ता मडक्यातून करायचा एकाचा आग्रह होता, तिथे सगळ्यांनीच त्याचा हात धरला. नियम समजला, हे तेव्हा कळलं.

लाखांचे आकडेही हवेत राहत होते. म्हणून ते कापसात बदलले. 2024-25 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,521 रुपये क्विंटल. लाख रुपये म्हणजे साधारण 13 क्विंटल कापूस. "तीन लाखांची नाली" ऐकून कुणी हलत नाही. "चाळीस क्विंटल कापसाची नाली, आणि दोन पावसाळ्यांत फुटली" म्हटलं की खुर्च्या पुढे सरकतात.

ई-ग्रामस्वराज पोर्टलवर पंचायतीचा आराखडा आणि खर्च दिसतो, पण मोबाइलवर दाखवायच्या भानगडीत पडू नका. अक्षर बारीक, त्यात रेंज जाते. आदल्या दिवशी तालुक्याला प्रिंट काढून आणा.

16 फेब्रुवारी. पाणी

पंचायतीच्या जलसुरक्षकाला आधी भेटून बोलावलं. न सांगता नळ तपासत फिरलो असतो तर ते त्याच्यावर पाळत ठेवल्यासारखं झालं असतं.

टाकी 50,000 लिटरची. हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग पावडर, म्हणजे भरलेल्या टाकीला 250 ग्रॅम. टाकी अर्धीच भरली असेल तर पावडरही निम्मी. टाकीत किती पाणी आहे हे माहीत नसेल तर गोल टाकीचा व्यास आणि पाण्याची उंची मीटरमध्ये घ्यायची: 0.785 गुणिले व्यास गुणिले व्यास गुणिले उंची, आलेल्या आकड्याला हजाराने गुणलं की लिटर. पावडर थेट टाकीत झोकायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी टाकीत ओतायचं आणि अर्धा तास थांबून मग नळ सोडायचे.

ओटी टेस्ट म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरलं ते बघायची तपासणी. तिच्यासाठी तीन ठिकाणं: टाकीजवळचा नळ, चावडीजवळचा, आणि वस्तीच्या टोकाचा शेवटचा. नळी धुवायची, खुणेपर्यंत पाणी, वरून ओटीचे थेंब. पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे, आणि छटा पट्टीशी जुळवून आकडा वाचायचा. शेवटच्या नळावर लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम पाहिजे. टाकीजवळ पिवळं आलं, चावडीपाशी फिकट, टोकाला स्वच्छ पांढरं. टोकाच्या वस्तीतल्या दोन आजी नळीकडे बघतच राहिल्या. पुढचा अर्धा तास वर्ग त्यांनीच चालवला.

कारण शोधायला पावडरीच्या पोत्यापर्यंत गेलो. नव्या पावडरीत 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं, पण ओल लागली आणि तोंड उघडं राहिलं की ते उडून जातं. पोतं सुतळीने बांधलेलं, भिंतीला ओल. जलसुरक्षकाने झाकणाचा प्लास्टिक ड्रम मागितला, तशी मागणी लेखी दिली. ड्रम यायला पाच आठवडे लागले. ओटीचं द्रावण हाताला लागू देऊ नये आणि तपासलेलं पाणी प्यायला किंवा जनावराला देऊ नये. एका काकांनी नळी चाखायला तोंडाजवळ नेली होती.

खुर्च्यांचं भाडं चार वर्गांत 600 झालं. बिछायतवाल्याकडूनच 20 जुन्या खुर्च्या 180 प्रमाणे विकत घेतल्या. पहिल्याच दिवशी घ्यायला हव्या होत्या.

23 फेब्रुवारी

हरभरा सोंगणी. नऊ जण आले. चहा पिऊन सोडलं.

2 आणि 9 मार्च. माहितीचा अधिकार

सर्वांत जास्त वेळ इथे गेला. पहिला अर्ज वर्गाने मिळून लिहिला: सात प्रश्न, नाली, दिवे, पाणी, घरकुल सगळं एकत्र, वर "ही नाली निकृष्ट का झाली?" हा प्रश्न. तो परत आला, आणि चूक आमचीच होती. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि विनंती 150 शब्दांपर्यंत. शिवाय "का" विचारून माहिती मिळत नाही. कायद्यात माहिती म्हणजे कार्यालयाकडे असलेलं कागदपत्र. कारण हवं असेल तर ते कारण ज्या कागदावर लिहिलेलं असेल तो कागद मागायचा.

दुसरा अर्ज 52 शब्दांत झाला: 2023-24 मध्ये वित्त आयोगाच्या निधीतून झालेल्या नालीच्या कामाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेतली नोंद आणि नमुना 5 म्हणजे रोकडवहीतली संबंधित पानं, साक्षांकित प्रती. जोडपत्र अ म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, त्यावर 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही, पण पुराव्याची प्रत जोडावी लागते.

नाव कुणाचं, यावर वर्ग अडला. गावात कोण कुणाच्या गटाचं हे सगळ्यांना ठाऊक, अर्ज केला की शिक्का बसतो. "वर्गातर्फे" असं लिहून चालत नाही, अर्ज नागरिकाच्या नावाने लागतो. शेवटी निवृत्त पोस्टमन तयार झाले. आम्ही सुचवतो की अर्ज द्यायच्या आधी सरपंचांना तोंडी सांगावं. आमच्यातल्या दोघांना हे पटलं नव्हतं. पण छोट्या गावात न सांगता दिलेल्या अर्जामुळे वर्गाची खोलीच हातची जाऊ शकते. 10 मार्चला अर्ज दिला, पोच घेतली, 30 दिवसांची तारीख भिंतीवर लिहिली.

16 मार्च. वर्गाचं दुकान झालं

होळी नुकतीच झालेली. निराधार आणि श्रावणबाळ योजनेचा विषय आहे हे फुटलं आणि 63 माणसं आली. श्रावणबाळ योजनेला वय 65 पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 पर्यंत, महिन्याला 1,500 रुपये. एवढं सांगून संपायला हवं होतं, पण फॉर्म भरायला रांग लागली. अडीच तास. गावाचा प्रश्न म्हणून काही उरलंच नाही, ज्याचं त्याचं पाकीट. पुढच्या वेळी फॉर्मवाले पुन्हा हजर, आणि नालीवर बोलायला आलेले कंटाळून घरी.

उपाय असा केला: कॉलेजात जाणाऱ्या एका पोट्ट्याला 200 रुपये रोज देऊन फॉर्मचं टेबल वऱ्हांड्यात, वर्गाच्या आधी अर्धा तास. तीन वेळा लावलं. त्यात सारखे येणारे अडथळे: आधारवर जन्मतारीख अंदाजे 1 जानेवारी आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरी, बँक खातं आधारशी जोडलेलं नाही, कामाने बोटांचे ठसे झिजलेले, मशीन घेत नाही. ठसे उमटत नसतील तर डोळ्यांच्या स्कॅनची सोय असलेल्या केंद्रावर जायचं, रोज हात धुऊन पुन्हा पुन्हा अंगठा दाबत बसू नये.

5 एप्रिल. जिवंत सातबारा

उन्हामुळे वेळ सकाळी साडेसात. एप्रिलचा तक्ता आधीच करायला हवा होता: 6 ला रामनवमी, 12 ला हनुमान जयंती, 14 ला आंबेडकर जयंती. तीन वर्ग आखले होते, दोन गेले.

विषय बदलला, कारण 1 एप्रिलपासून राज्यभर जिवंत सातबारा मोहीम लागली. सुरुवात आपल्याच विदर्भात, बुलढाणा जिल्ह्यात झाली. मेलेल्या खातेदारांची यादी चावडीवर वाचायची, वारसांनी कागद द्यायचे, मग वारस फेरफार होऊन सातबाऱ्यावर जिवंत माणसांची नावं. लागणारं: मृत्यूचा दाखला, वारसांचं शपथपत्र किंवा स्वयंघोषणा, सगळ्या वारसांची नावं, वय, पत्ते, फोन. तलाठ्याचं नवं पदनाम ग्राम महसूल अधिकारी, पण अर्जावर ते लिहिलं तरी बोलताना तलाठीच म्हणा, नाही तर कुणालाच कळत नाही.

वारसाचं झाड खडूने फरशीवर काढायला लावलं. नऊ घरांनी काढलं. पाच झाडांत बहिणी नव्हत्या. मुद्दाम गाळल्या असं नाही, लग्न होऊन गेली म्हणजे संपलं, एवढंच. हिंदू वारसा कायद्यात 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे. बहिणीला हिस्सा सोडायचा असेल तर ती हक्कसोड नोंदवून देईल, पण वारसांच्या यादीतून तिचं नाव उडवणं म्हणजे खोटं शपथपत्र. त्यावर खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. एक आजी उठल्या आणि स्वतःच खडू घेऊन आपल्या नणंदेचं नाव झाडात लिहिलं.

दुसरा धडा बक्षीसपत्राचा. हयातीतच वावर पोराच्या नावावर करून द्यायचं, ही घाई फार. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 मध्ये, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास रद्द करून मागता येते. म्हणून ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट शब्दांत लिहून घ्यायची. "तो सांभाळनच" हे वाक्य दस्तात नसतं. निर्वाह भत्त्याचा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे होतो, कमाल 10,000 रुपये महिना.

20 एप्रिल. सभेची तालीम

माहितीच्या अर्जाचं उत्तर मुदतीत आलं: 46 पानं, दोन रुपयांप्रमाणे 92 रुपये भरा. भरले, पानं मिळाली. मोजमाप पुस्तिकेत नाली 120 मीटर. टेप घेऊन गेलो, 104 भरली. लगेच बोंब मारायची नाही, असं वर्गाने ठरवलं. उरलेले 16 मीटर दुसऱ्या गल्लीत केलेले असू शकतात, आधी विचारायचं.

गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाबद्दल सांगितलं. तिथे अभ्यासगट आधी विषय समजून घेतो आणि ग्रामसभा सगळ्यांच्या सहमतीने ठरवते. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तो या सवयीच्या पाठबळावर. आपल्याकडे सहमती लांबची गोष्ट, अभ्यासगट मात्र जमण्यासारखा.

प्रश्न तीनच ठेवले आणि एका माणसाला एकच दिला. प्रत्येक प्रश्न उभं राहून दोन वाक्यांत म्हणायचा सराव. पहिल्या फेरीत एकही प्रश्न चार मिनिटांच्या आत संपला नाही.

30 एप्रिल, 1 मे

आदल्या दिवशी महिला सभा. शेवटच्या नळाचा विषय बायांनी तिथेच मांडला आणि ग्रामसभेकडे पाठवायला लावला.

ग्रामसभेला वर्गातले 31 गेले, गणपूर्ती या वेळी झाली. पाण्याचा ठराव झाला: टोकाच्या नळाची ओटी दर आठवड्याला तपासून आकडा फलकावर. नालीच्या 16 मीटरवर "पाहून सांगतो" असं उत्तर मिळालं, ते तसंच्या तसं इतिवृत्तात लिहायला लावलं. घरपट्टीतल्या मेलेल्या नावांचा प्रश्न गोंधळात बुडाला. विचारणाऱ्या काकांना पहिल्या ओळीतल्या आवाजाने प्रश्नच विसरायला लावला. कागदावर लिहून हातात द्यायला हवा होता. उठण्याआधी ठराव वाचून दाखवा म्हटलं, वाचला. एक शब्द बदलला होता, तो तिथेच दुरुस्त झाला.

4 मे. हिशेब

खुर्च्या भाडं 600, विकत 3,600. चष्मे 1,650. प्रिंट आणि झेरॉक्स 1,420. दोन फ्लेक्स 576. टेप 350. माहितीचा अर्ज आणि प्रती 102. चहा 2,300. फॉर्मचा पोट्टा 600. खडू, मार्कर, वही 240. वाया गेलेले: भोंगा 500, लॅमिनेशन 400. एकूण 12,338. ओटीचं सामान पंचायतीचंच होतं.

पेरण्या आटोपल्याशिवाय पुढचा वर्ग लावायचा नाही. खुर्च्या शाळेच्या खोलीत आहेत, चष्म्यांचा डबा किराणा दुकानात. दोन नंबरचे दोन चष्मे अजून परत यायचे आहेत.